‘पुढे वाढवता येईल’ असे सांगून विकलेला संगणक : सिंधुदुर्गातील एका स्टुडिओचे प्रकरण

ग्राहकांच्या तक्रारी लिहून देण्याचे काम मी गेली काही वर्षे जिल्ह्यात करतो. त्यांपैकी हे एक प्रकरण तक्रारदारांच्या संमतीने येथे मांडत आहे. व्यक्ती, गाव, दुकान आणि कंपनी यांची नावे दिलेली नाहीत. संगणक विकताना ‘यात पुढे भर घालता येईल’ असे कधी छापून, कधी चित्रातून, तर कधी नुसते तोंडी सांगितले जाते. ते पाळण्याची जबाबदारी संगणक बनवणाऱ्या कंपनीवर कितपत येते, हा या प्रकरणातला प्रश्न होता.

पार्श्वभूमी

तक्रारदार छायाचित्रकार आहेत. किनाऱ्यालगतच्या एका तालुक्याच्या गावी त्यांचा लहानसा स्टुडिओ आहे. लग्ने, मुंजी, जत्रा आणि जत्रेत रात्रभर चालणारी दशावतारी नाटके यांचे चित्रीकरण ते करतात. छपाई आणि हिशेब पत्नी पाहतात आणि लग्नसराईत एक मुलगा मदतीला असतो. टाळेबंदी उठून लग्ने पुन्हा जोमाने सुरू झाली तेव्हा, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्यांनी बाजारपेठेच्या गावातील दुकानातून एका मोठ्या कंपनीचा तयार डेस्कटॉप मॉनिटरसह ७४,००० रुपयांना घेतला. त्यात इंटेल कंपनीचा दहाव्या पिढीचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम (मेमरी) होती, पण चित्रांचे जड काम उचलणारे वेगळे ग्राफिक कार्ड नव्हते.

कार्ड त्या वेळी मुद्दामच घेतले नव्हते. त्या वर्षी जगभर चिपचा तुटवडा होता, आभासी चलनाच्या ‘मायनिंग’साठी कार्डे घाऊक उचलली जात होती, आणि बाजारात एखादे कार्ड मिळालेच तर ते मूळ किमतीपेक्षा कितीतरी चढ्या भावाने मिळत होते. दुकानदार त्यांच्या जुन्या ओळखीचे. ते म्हणाले, “भाऊ, आता कार्डात पैसे घालू नका. मशीन वाढवता येण्यासारखी आहे. भाव उतरले की आपण टाकू, आणि पुढे वाटले तर नव्या पिढीचा प्रोसेसरसुद्धा बसेल.” एवढे बोलून त्यांनी कोटेशनच्या कागदावर खाली पेनाने लिहिले : ‘व्हिडिओ एडिटिंगसाठी. जी. कार्ड नंतर.’ हे लिहिताना त्यांना किंवा तक्रारदारांना त्याचे महत्त्व जाणवले असेल असे मला वाटत नाही, परंतु पुढे या प्रकरणात हीच ओळ आमच्या सर्वाधिक उपयोगी पडली.

दुकानात कंपनीचे माहितीपत्रक होते आणि तक्रारदारांनी ते संगणकाच्या खोक्यात जपून ठेवले होते. ‘मेमरी ६४ जीबीपर्यंत वाढवता येते’ असे त्याच्या तांत्रिक तक्त्यात छापलेले होते. वरच्या बाजूला उघड्या कॅबिनेटचे चित्र होते. त्यात मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट-पाटीवरच्या, लांब स्लॉटमध्ये दोन पंख्यांचे एक भले मोठे कार्ड बसवताना दाखवले होते, आणि हा संगणक तुमच्या कामाबरोबर वाढत जाईल अशा अर्थाचे वाक्य चित्राखाली होते.

अडचण

२०२३ च्या उन्हाळ्यात तक्रारदारांनी फोर-के, म्हणजे अधिक बारकाव्याचे पण संगणकाला जड जाणारे, चित्रीकरण करणारा कॅमेरा घेतला आणि संगणकाची दमछाक सुरू झाली. जुलैत त्यांनी प्रत्येकी ३२ जीबीच्या दोन रॅम विकत घेतल्या. त्या बसवल्यावर संगणक सुरूच होईना, फक्त शिटी वाजे. १६-१६ च्या दोन बसवल्या की मात्र व्यवस्थित चाले. म्हणजे हा संगणक छापलेल्या आकड्याच्या निम्मीच, ३२ जीबी, रॅम स्वीकारत होता.

कार्डाची गोष्ट आणखी अवघड निघाली. आता भाव उतरले होते आणि त्यांना आरटीएक्स ३०६० घ्यायचे होते. या कार्डाला १७० वॅट वीज लागते आणि त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) असावा असे ते बनवणारी कंपनीच सांगते. तक्रारदारांच्या संगणकात २६० वॅटचा एसएमपीएस होता आणि कार्डाला वेगळी वीज देणारी वायर त्यात नव्हतीच. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्यामुळे तेवढ्यावर चालणारे छोटे कार्डच तेथे चालले असते. एसएमपीएस बदलावा म्हटले, तर मदरबोर्डवरची जोडणी नेहमीच्या चोवीस पिनांची नसून कंपनीने स्वतःसाठी केलेली वेगळीच होती, आणि बाजारातला कोणताही एसएमपीएस तेथे लागत नव्हता. कॅबिनेटची लांबीही अपुरी होती. चित्रात दिसणारे दोन पंख्यांचे कार्ड त्या कॅबिनेटमध्ये बसूच शकत नव्हते.

ऑगस्टमध्ये ते माझ्याकडे आले तेव्हा कागदांची पिशवी टेबलावर ठेवून एवढेच म्हणाले, “माका सांगितल्यानी एक आणि गावला भलताच.” त्यांची मागणी मोठी होती. संगणकाची पूर्ण किंमत परत, रॅमचे पैसे परत, बुडालेल्या कामाची भरपाई, आणि शिवाय नव्या पिढीचा प्रोसेसर बसेल असा मदरबोर्ड. अमेरिकेतल्या एका दाव्याविषयी त्यांनी मोबाइलवर पाहिले होते आणि आपलाही दावा तसाच चालेल अशी त्यांची खात्री होती.

आश्वासनांची वर्गवारी

मागणीत वेगवेगळ्या वजनाची आश्वासने एकत्र बांधलेली होती. ती सोडवून घेणे हा या प्रकरणातला पहिला निर्णय होता आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही.

६४ जीबीचा आकडा छापील होता. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या ऐसपैस आहे. करारातून, मग तो स्पष्ट असो वा गर्भित, जो दर्जा राखायला हवा किंवा व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे ज्याचा दावा केला आहे, त्यातली उणीव म्हणजे दोष. ‘व्यापारी’ या शब्दात उत्पादकही येतो. त्यामुळे येथे दुकानदाराला मध्ये न आणता थेट कंपनीला जाब विचारता येत होता.

चित्राचे तसे नव्हते. अमुक कार्ड बसेल असे कोठेही लिहिलेले नव्हते, पण पाहणाऱ्याचा समज तोच होणार. याच कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत गर्भित विधानाचाही समावेश केला आहे आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हेही त्यात धरले आहे. वस्तुविक्री अधिनियम १९३० चे कलम १६ येथे आठवते. खरेदीदाराने आपला विशिष्ट हेतू विक्रेत्याला कळवला असेल आणि त्याच्या जाणकारीवर तो विसंबला असेल, तर माल त्या हेतूला योग्य असावा अशी गर्भित अट विक्रीत धरली जाते. कोटेशनवरची ‘व्हिडिओ एडिटिंगसाठी’ ही ओळ या कलमासाठी नेमकी होती. मात्र त्याच कलमाला एक परंतुक जोडलेले आहे : वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागून घेतली असेल, तर विशिष्ट हेतूची अट लागत नाही. तक्रारदारांनी कंपनीचे नाव घेऊन संगणक मागितला, की काम सांगितल्यावर दुकानदाराने तो सुचवला, यावर बरेच अवलंबून होते. दुकानदाराने सुचवला होता, परंतु हे सांगणारा साक्षीदार म्हणजे स्वतः दुकानदारच.

प्रोसेसरचे आश्वासन तोंडी होते आणि अजून बाजारात न आलेल्या भागाविषयी होते. तक्रारदारांच्या संगणकातला सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवण्याची जागा, एलजीए १२०० या प्रकारचा होता. इंटेलची बारावी पिढी ज्या महिन्यात बाजारात आली त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्यांनी खरेदी केली होती, आणि त्या पिढीला एलजीए १७०० हा नवा सॉकेट लागत होता. संगणकाच्या धंद्यात हे नवे नाही. २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले तेव्हा सॉकेटचे नाव तेच, ११५१, राहिले. तरी जुन्या मदरबोर्डवर ते चालले नाहीत, नव्या चिपसेटचा मदरबोर्ड घ्यावाच लागला.

तक्रारदारांना मी प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी या दुसऱ्या कंपनीचे उदाहरण दिले, कारण ते दोन्ही बाजूंनी बोलते. एएम-४ या सॉकेटला २०२० पर्यंत साथ देऊ असे त्या कंपनीने जाहीर केले होते. मे २०२० मध्ये तिने सांगितले की पुढचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या मदरबोर्डांवर चालणार नाहीत. बायॉस (संगणक सुरू करणारी मूळ आज्ञावली) ज्या चिपमध्ये साठवतात तिची अपुरी जागा हे एक कारण तिने दिले होते. ग्राहक इतके संतापले की त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला आणि बायॉस अद्ययावत करून ती सोय दिली. हा निर्णय कोणत्याही न्यायालयाने फिरवायला लावलेला नव्हता. कंपनीने स्वतः मुदत घालून शब्द दिला होता, म्हणून लोकांना तो तिच्यासमोर धरता आला. आमच्या प्रकरणात कंपनीने प्रोसेसरविषयी असा काहीच शब्द दिलेला नव्हता. जे काही बोलले गेले ते दुकानाच्या काउंटरवर.

अमेरिकेतल्या ज्या दाव्याचा आधार तक्रारदार घेत होते तो २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात डेल कंपनीवर दाखल झाला होता. एलियनवेअर एरिया-५१ एम हा २०१९ चा लॅपटॉप प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड बदलता येण्याच्या गुणावरच विकला गेला, आणि पुढच्या पिढीचे भाग त्यात बसेनात, असा आरोप त्यात होता. तेथे अपग्रेड हाच जाहिरातीचा मुख्य मुद्दा होता. शिवाय दावा दाखल होणे म्हणजे दावा जिंकणे नव्हे, आणि परदेशातला दावा आपल्या ग्राहक आयोगावर बंधनकारकही नाही.

विकलेल्या संगणकात आज काय बसते, याविषयी कंपनीने शब्दांतून वा चित्रातून जे भासवले ते तिने निभावलेच पाहिजे, कारण ते तिच्या हातातले असते आणि तिला पूर्ण माहीतही असते. उद्या तयार होणाऱ्या भागाविषयी मात्र, तिने स्वतःहून स्पष्ट शब्द दिलेला नसेल तर, गर्भित वचन तिच्यावर लादता येणार नाही, या मतावर मी आलो. प्रोसेसरची मागणी सोडून द्या असे मी तक्रारदारांना सांगितले. ते नाराज झाले. दोन दिवसांनी त्यांनी ते मान्य केले.

समोरचे पर्याय

सगळे सोडून नवा संगणक घेणे हा एक पर्याय होता, आणि लग्नसराई तोंडावर असताना तो वेडेपणाचा नव्हता. दुसरा पर्याय फक्त दुकानदाराला धरण्याचा. तो कायद्याने सोपा होता, पण मला पटत नव्हता, कारण दुकानदाराने कंपनीच्या माहितीपत्रकावरच विश्वास ठेवला होता, आणि आपल्याकडे गावातला दुकानदार हा उद्याही भेटणारा माणूस असतो. तिसरा पर्याय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा, क्रमांक १९१५. तेथे खर्च नसतो आणि बऱ्याच कंपन्या तेथल्या तक्रारींना उत्तर देतात, पण आदेश देण्याचा अधिकार हेल्पलाइनला नाही. चौथा पर्याय जिल्ह्याच्या मुख्यालयातील, ओरोसच्या, जिल्हा ग्राहक आयोगाचा. कंपनीचे कार्यालय परराज्यात असले तरी तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे आणि वस्तूसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

मुदतीचा प्रश्न मात्र टोचत होता. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते. कारण घडले कधी? दोष कळला जुलै २०२३ मध्ये असे आम्ही म्हणू शकलो असतो, पण खरेदीच्या दिवशीच घडले असे कंपनी म्हणणार हे उघड होते. विलंब माफ करून घेण्याची तरतूद आहे, पण तिच्यावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटले. म्हणून नोव्हेंबर २०२३ हीच शेवटची तारीख धरायची असे ठरवले आणि चतुर्थीपूर्वी नोटीस पाठवायचीच असा हिशेब केला.

काय केले

सुरुवातीला पुरावा नीट केला. माहितीपत्रक, बिल, कोटेशन, एसएमपीएसवरच्या चिकटपट्टीचे छायाचित्र आणि कॅबिनेटची मापे एकत्र केली. एका तंत्रज्ञाकडून लेखी चाचणी करून घेतली. कोणत्या रॅम बसवल्या, त्या दुसऱ्या संगणकात चालल्या का, या संगणकात काय झाले, बायॉसची आवृत्ती कोणती, हे सर्व त्याने तारीख घालून सहीनिशी लिहून दिले. त्याने स्लॉट आणि रॅमच्या पट्ट्या साफ करून दुसऱ्यांदा चाचणी घेतली, आणि तीही नोंदवली. आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत संपर्कबिंदूंवर गंज चढतो आणि रॅम न चालण्याचे ते खरोखर एक कारण असते. कंपनी हा मुद्दा काढील असे त्याला आधीच वाटले होते, आणि तिने तो काढलाच.

ऑगस्टच्या अखेरीस कंपनीला रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली. दुकानदाराला प्रत दिली, पण ती देण्यापूर्वी तक्रारदार स्वतः जाऊन त्यांना भेटले. दुकानदारांनी आढेवेढे घेतले नाहीत. ‘व्हिडिओचे काम सांगितल्यावर हे मॉडेल मीच सुचवले’ असे त्यांनी लिहून दिले, आणि त्यामुळे कलम १६ च्या परंतुकाची अडचण बरीच हलकी झाली.

कंपनीचे उत्तर गणेशोत्सवाच्या सुमारास आले. तिचे म्हणणे असे : ‘पर्यंत’ हा शब्द कमाल मर्यादा सांगतो आणि प्रत्यक्ष क्षमता जुळणीवर अवलंबून असते. माहितीपत्रकातला तपशील पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतो, असे माहितीपत्रकातच छापलेले आहे. चित्र केवळ नमुन्यादाखल आहे. आणि रॅमच्या बिघाडाला दमट हवा कारणीभूत असू शकते. आमचे उत्तर असे होते, की कमाल मर्यादा ६४ असेल तर कोणत्या तरी जुळणीत तरी ६४ चालायला हवेत, आणि ती जुळणी कंपनीने सांगावी. तपशील बदलण्याचा अधिकार कंपनीला पुढे बनणाऱ्या मालापुरता असू शकतो. विकून पैसे घेतलेल्या मालाचा दर्जा त्या ओळीने मागाहून खाली आणता येत नाही.

ऑक्टोबरमध्ये ग्राहक आयोगांच्या ई-दाखिल पोर्टलवरून जिल्हा आयोगाकडे तक्रार नोंदवली. कंपनीला म्हणणे मांडायला कायद्याने ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. तिने ते सगळे वापरले. तेव्हा तिने नवीन हरकत घेतली. बिल स्टुडिओच्या नावाने आहे, म्हणजे खरेदी व्यापारी हेतूने झाली, म्हणून हे ‘ग्राहक’च नव्हेत. सुदैवाने यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा ‘लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट’ हा निर्णय आहे. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी वस्तू घेऊन जो ती स्वतः वापरतो तो ग्राहकच, आणि त्याने एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असे नाही, हे त्यात सांगितले आहे. दुसऱ्यांचे टंकलेखन करून देण्यासाठी टाइपरायटर घेणाऱ्याचे उदाहरण त्या निकालपत्रात आहे. टाइपरायटरच्या जागी संगणक ठेवला की आमचे तक्रारदार तेथे बसत होते.

निष्पत्ती

आयोगाने दोन्ही बाजूंच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले. मार्च २०२४ मध्ये समेट झाला. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण ६४ जीबी रॅम चालेल असा मदरबोर्ड स्वखर्चाने बसवून दिला आणि तक्रारखर्चापोटी काही रक्कम दिली. तक्रारदारांच्या दोन्ही रॅम आता त्याच संगणकात चालतात. नवा मदरबोर्ड त्याच मापाचा आणि तशाच वेगळ्या जोडणीचा असल्याने मोठ्या कार्डाची अडचण मात्र राहिलीच. दुकानदारांनी ७५ वॅटवर चालणारे जीटीएक्स १६५० कार्ड आपल्या खरेदीच्या भावाने दिले.

दरम्यान एक संपूर्ण लग्नसराई निघून गेली. तो हंगाम तक्रारदारांनी ‘प्रॉक्सी’ पद्धतीने काढला : मूळ फोर-के चित्रफितींच्या हलक्या प्रती बनवायच्या, संपादन त्या प्रतींवर करायचे आणि शेवटी मूळ फिती जोडून घ्यायच्या. काम झाले, पण प्रती बनवण्यात रात्री गेल्या. बुडालेल्या कामाची भरपाई समेटात मिळाली नाही, कारण किती कामे नाकारली याची नोंद त्यांच्याकडे नव्हती.

काय वेगळे करता आले असते

रॅमची चाचणी दोन वर्षे थांबायला नको होती. माहितीपत्रकातला जो आकडा पाहून आपण खरेदी करतो तो पहिल्याच महिन्यात, कोणाकडून तरी रॅम उसनी आणून, पडताळता येतो. त्या वेळी वॉरंटीही असते आणि मुदतीचा वादही उद्भवत नाही. कोटेशनवरची ओळ चांगली होती, पण अपुरी. ‘जी. कार्ड नंतर’ ऐवजी कार्डाचे नाव किंवा निदान वॅट लिहिले असते, तर एसएमपीएस पुरणार नाही हे दुकानदाराच्या तेव्हाच लक्षात आले असते आणि त्यांनी दुसरे मॉडेल दाखवले असते, असे ते स्वतःच मला म्हणाले. बिल वैयक्तिक नावाने असते तर ग्राहक असण्याचा वाद निघाला नसता. मात्र जीएसटीच्या कारणाने ते स्टुडिओच्या नावाने घेणे भाग होते, त्यामुळे याचा दोष मी तक्रारदारांना देत नाही.

माझ्या हातून झालेली चूक वेगळी आहे. रॅम आणि कार्ड या दोन्ही मागण्या मी एकाच तक्रारीत, एकाच रकमेखाली मांडल्या. मध्यस्थीत कंपनीने रॅमचा मुद्दा चटकन सोडवून दिला आणि त्या बदल्यात चित्राचा मुद्दा गुंडाळला गेला. दोन मागण्यांची स्वतंत्र मांडणी आणि स्वतंत्र रक्कम असती, तर समेट रॅमपुरता करून चित्राच्या प्रश्नावर आयोगाचा निर्णय मागता आला असता. तक्रारदारांना तो निर्णय हवा होता की संगणक लवकर सुरू व्हायला हवा होता, हे मी त्यांना त्या टप्प्यावर नीट विचारलेही नाही. पुढे विचारले तेव्हा ते म्हणाले, की संगणकच हवा होता, पण विचारले असते तर बरे वाटले असते.

नोटिशीत आणखी एक साधा प्रश्न घालायला हवा होता : या मॉडेलमध्ये कंपनीने स्वतः कोणकोणती ग्राफिक कार्डे बसवून तपासली आहेत, त्यांची यादी द्यावी. चित्रातले कार्ड त्या यादीत नसते, तर ते चित्र कशाच्या आधारावर छापले याचे उत्तर कंपनीला लेखी द्यावे लागले असते. अशाच स्वरूपाची एक तक्रार, या वेळी लॅपटॉपच्या रॅमची, सध्या माझ्याकडे आली आहे, आणि तिच्या नोटिशीत हा प्रश्न मी पहिल्या क्रमांकावर घातला आहे.